बाजार मैदानावर सांस्कृतिक भवन हवे की मैदान मैदानच राहावे?

प्रश्न : एक शिक्षक, परभणी जिल्हा

नमस्कार. आमच्या नगरपरिषदेने शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली असून तिच्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत. गावाच्या मध्यभागी सुमारे दोन एकरांचे बाजार मैदान आहे. त्यावर या योजनेत ‘सांस्कृतिक भवन व व्यापारी संकुल’ असे आरक्षण दाखवले असून आठवडी बाजार वळण रस्त्यावर हलवण्याचे घाटत आहे.

याच मैदानावर यात्रेत तमाशाचा फड लागतो, नवरात्रात आराधी मंडळी बसतात, 14 एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे जलसे होतात आणि उरुसाच्या रात्री कव्वाली रंगते. भाजी विकायला बसणाऱ्या बायकांपासून गावातल्या डॉक्टरांपर्यंत सगळे एका जागी दिसतात, असे गावात हे एकच ठिकाण उरले आहे. आता भवनच संस्कृतीच्या नावाने होत असल्यामुळे त्याला हरकत घेणारा संस्कृतीचा विरोधक ठरतो. आमच्या म्हणण्याला कायद्यात काही आधार आहे का, आणि भवनाऐवजी नेमके काय मागावे?

उत्तर 1 : नगररचना विभागातून निवृत्त, छत्रपती संभाजीनगर

सर, आधार भरपूर आहे, पण मुदत पाळा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 प्रमाणे सूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीसाठी 30 दिवस मिळतात आणि कलम 28 खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हरकत भावनेच्या भरात लिहू नका; सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, सध्याचा वापर आणि मागणी एवढे स्पष्ट असले म्हणजे ती वाचली जाते.

सर्वांत आधी विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे आज कोणती जागा कशासाठी वापरात आहे ते दाखवणारा नकाशा, पाहा. योजना आखण्यापूर्वी तो करणे कलम 25 ने बंधनकारक आहे. तुमचे मैदान त्यात ‘रिकामी जागा’ म्हणून रंगवलेले असेल, असा माझा अंदाज आहे. सर्वेक्षणाची माणसे सकाळी अकराला येतात, बाजाराचा दिवस नसतो, आणि ज्या जागेवर वर्षभर काही ना काही चालते ती कागदावर ओसाड ठरते. पुढचे सगळे आरक्षण त्या एका रंगावर उभे राहते. म्हणून वर्षभरात तिथे कोणत्या महिन्यात काय होते, याची यादी छायाचित्रांसह हरकतीला जोडा.

दुसरा आधार पथविक्रेता अधिनियम, 2014 चा. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्रेते व्यवसाय करीत आहेत तो बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. जुन्या बाजार वसुलीच्या पावत्या, यात्रेचे परवाने, जे मिळेल ते गोळा करा. तिसरे म्हणजे संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या 18 विषयांत नगर नियोजन आहे, तसे सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धनही आहे. ते इमारत बांधूनच करावे, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

बाजार मध्यभागी ठेवून शहर आखता येते, हे मराठवाड्याला नवीन नाही. लातूरची गंजगोलाई 1917 ची. मध्ये देवीचे मंदिर, भोवती बाजार आणि त्याला येऊन मिळणारे 16 रस्ते, अशी ती रचना फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची आहे. आज तिथे वाहनांची कोंडी होते हे खरे. पण गोलाई वळण रस्त्यावर न्या, असे कोणी म्हणत नाही.

उत्तर 2 : पिढीजात गोंधळी, धाराशिव जिल्हा

गुरुजी, कलाकाराच्या बाजूने थोडे लिहितो. गोंधळ असो वा नाथांचे भारूड, लोक तिन्ही बाजूंनी बसलेले असले तरच ते रंगते. भारुडात सोंग लोकांच्या मधूनच उठून येते, म्हाताऱ्या बाईच्या पाया पडते, पोराला दटावते आणि मग पुढे जाते. चार फूट उंच रंगमंच बांधला की सोंग वर आणि माणसे खाली, अशी ताटातूट होते. बंद सभागृहात संबळाचा आवाज भिंतींवर आपटून इतका घुमतो की शेजारच्याचे तुणतुणे मलाच ऐकू येत नाही.

मागायचेच असेल तर मैदानाच्या एका कडेला दीड-दोन फूट उंचीचा चौथरा मागा. जमीन मुरमाची राहू द्या. पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री त्यावर सतरंजी टाकून बसवत नाही. मीटरसह विजेची जोडणी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि बाया माणसांना कपडे बदलायला कडीची खोली, एवढे पुरे. आजवर कित्येक ठिकाणी आमच्या बायका ट्रकच्या आडोशाला साड्या नेसल्या आहेत. ती खोली एकदा नकाशात आली की दर वर्षी कोणाच्या पाया पडावे लागणार नाही.

वेळेचेही पाहा. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ते दिवस ठरताना आमची यात्रा कोणाच्या लक्षात राहत नाही. जागा राखली आणि रात्र गेली, तर उपयोग काय?

उत्तर 3 : पुनर्वसित गावातील रहिवासी, औसा तालुका

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमचे गाव नव्या जागी वसले. घरे पक्की मिळाली, रस्ते रुंद आणि सरळ मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गावात वेस होती, पार होता, मारुतीपुढे मोकळी जागा होती. नव्या आखणीत शाळा, समाजमंदिर, दवाखाना असे चौकोन आले आणि पार कोणालाच आठवला नाही. गाव कितीतरी पसरले. पंचमीला फेर धरायला आम्ही बायका कुठे जमायचे, हेच अनेक वर्षे ठरत नव्हते, कारण रुंद रस्त्याच्या मधोमध सासुरवाशिणी फुगडी घालत नाहीत. समाजमंदिराला कुलूप असे आणि किल्ली कोणाकडे, यावरून भांडणे होत.

शेवटी लिंबाचे झाड मोठे झाल्यावर लोकांनीच वर्गणी काढून त्याला पार बांधला. आता हरिनाम सप्ताहाचा मंडप तिथेच पडतो. सर, तुमच्याकडे जे आहे ते नव्याने वसवायला किती वर्षे लागतात, ते आम्हाला विचारा.

उत्तर 4 : हौशी नाट्यकर्मी, नांदेड

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मैदान राहावेच, परंतु ‘भवन नको’ ही मागणी मला मान्य नाही. परभणी, नांदेड, लातूर येथून राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी मंडळींना तालमीला जागा मिळत नाही. शाळेचा वर्ग सुटल्यावर बाकडी सरकवून तालीम करावी लागते. पावसाळ्यात मैदानाचा उपयोग शून्य. प्रकाशयोजना, नेपथ्य, शांतता यांची गरज असलेले नाटक चौथऱ्यावर होत नाही.

म्हणून भवन दुसऱ्या जागी मागावे आणि ते लहान मागावे. हजार खुर्च्यांचे सभागृह छोट्या गावात लग्नकार्यावरच चालते, कारण वीजबिल आणि देखभाल नाटकाच्या भाड्यातून निघत नाही. दोन-तीनशे आसनांचे नाट्यगृह आणि एक तालीम खोली एवढे नीट झाले तरी पुष्कळ. व्यापारी गाळे मात्र त्यात घालू देऊ नका; पुढे गाळेच राहतात आणि नाट्यगृह गोदाम होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नाट्यकर्मींचा मुद्दा पटला. मैदानासाठी ‘आठवडी बाजार व खुला रंगमंच’ आणि नाट्यगृहासाठी जुन्या कचेरीची जागा, अशा दोन स्वतंत्र मागण्या लिहीत आहे. नव्या वसाहतींत मात्र जमायला काहीच जागा नाही. त्यासाठी वेगळे आरक्षण मागावे का?

उत्तर 5 : नगररचना विभागातून निवृत्त, छत्रपती संभाजीनगर

नवीन आरक्षणाच्या मागे लागू नका. खासगी जमिनीवरील आरक्षण दहा वर्षांत संपादित झाले नाही तर कलम 127 प्रमाणे मालक नोटीस देतो आणि पुढच्या 24 महिन्यांत काही घडले नाही तर ते रद्द होते. नगरपरिषदेकडे भूसंपादनाला पैसा नसतो, हे आपण जाणताच. त्यापेक्षा मंजूर ले-आऊट, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडल्याचे नकाशे, काढून पाहा. 0.4 हेक्टर आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. यांतल्या कित्येक जागा कागदावर आहेत, प्रत्यक्षात काटेरी बाभळी किंवा कोणाची तरी जनावरे आहेत. त्यांची यादी मागवा आणि प्रत्येक जागी एक कट्टा, दोन झाडे आणि एक दिवा मागा. याला संपादन लागत नाही.

सुनावणीला एकटे जाऊ नका. बाजारातले विक्रेते, यात्रा समिती, उरूस समिती आणि जयंती मंडळ यांनी आपापल्या स्वतंत्र हरकती द्याव्यात. एकाच मजकुरावर शंभर सह्या केल्या तर ती एकच हरकत धरली जाण्याचा धोका असतो. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्या.