मदत हवी आहे: वॉपिंगचा 'किंग्ज आर्म्स' पब, परवाना पुढे कुणाकडे गेला?

नमस्कार मंडळी, लंडनच्या रॅटक्लिफ हायवे हत्याकांडावर मी मराठीत दीर्घ लेख लिहितेय. १९ डिसेंबर १८११ च्या रात्री ८१ न्यू ग्रॅव्हल लेनवरच्या किंग्ज आर्म्समध्ये मालक जॉन विल्यमसन, त्याची बायको एलिझाबेथ आणि मोलकरीण ब्रिजेट हॅरिंग्टन यांचा खून झाला. वरच्या खोलीतला भाडेकरू टर्नर चादरींना गाठी मारून खिडकीतून उतरला आणि ओरडत सुटला. आत झोपलेली नात वाचली. ती मुलगी माझ्या डोक्यातून जातच नाही.

आज ती गल्ली गार्नेट स्ट्रीट आहे, पब नाही. हॉरवुडच्या जुन्या नकाशावरून जागेचा अंदाज आला, पण पब कधी बंद पडला ते नकाशा कसं सांगणार? ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या ऑनलाइन नोंदी सुचवू नका. संशयित जॉन विल्यम्सने डिसेंबरअखेरीस तुरुंगातच गळफास घेतला, त्यामुळे खटला उभाच राहिला नाही. त्या काळची वर्तमानपत्रंही चाळून झाली, त्यांत सगळा भर खुनांवरच.

मी पुण्यात आहे, लंडनला जाणं शक्य नाही. स्कॅनचे पैसे भरेन, पण नेमकं काय मागवायचं ते कळायला हवं.

लंडन अर्काइव्ह्जमध्ये (पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज) कुणी काम केलंय का? विल्यमसननंतरचा परवानाधारक शोधायला मिडलसेक्सच्या मद्यपरवान्यांच्या नोंदी मागवू की सन फायर ऑफिसच्या विमा वह्या, आणि त्यांत शोध मालकाच्या नावाने लागतो की पबच्या?