आजोबांच्या फोटोतली बोट: दिल्ली की म्हैसूर?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, मी देवगडचा. आजोबा नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते. त्यांच्या ट्रंकेत फोटो सापडला: मुंबईचा धक्का, मागे क्रूझर, म्हणजे मोठी लढाऊ बोट. नावाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. आजी म्हणते म्हैसूर, काका म्हणतो दिल्ली. आजोबा एवढंच सांगायचे, "आमच्या बोटीची तोफ जपान्यान खाल्ल्यान." आपल्या बोटीला जपानी कुठे भेटले?

उत्तर १:
बाबू, आधी बोटीच्या चिमण्या, म्हणजे धुरांडी, मोज. दोन असल्या तर म्हैसूर, एक असली तर दिल्ली. मी वेंगुर्ल्याचा, दिल्लीच्याच बॉयलर रूममध्ये घाम गाळलाय. सहा बॉयलर, धूर मात्र एकाच चिमणीतून. आत हवा दाबून भरलेली, म्हणून एकामागे एक दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि आत शिरताच कानांना दडे.

दिल्ली ही मूळची अकिलीस, इंग्लंडात बर्केनहेडला कॅमेल लेअर्डच्या यार्डात बांधलेली. १९३२ साली पाण्यात उतरली. १३ डिसेंबर १९३९ ला एजॅक्स आणि एक्झेटर या ब्रिटिश क्रूझरांबरोबर ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला भिडली. त्याच्या तोफा ११ इंची, हिच्या ६ इंची, म्हणजे पडावानं गलबताला आडवं जाण्यातला प्रकार! गोळ्याच्या कपच्यांनी हिची चार माणसं गेली. ग्राफ श्पे उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि चार दिवसांनी जर्मनांनी स्वतःच बुडवली.

आजोबा खोटं बोलले नाहीत. जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विमानाचा बॉम्ब मागच्या दोन टरेटांपैकी (टरेट म्हणजे तोफांचा फिरता बुरूज) वरच्यावर पडला. तेरा माणसं गेली. पोर्ट्समथला दुरुस्ती झाली, पण ते टरेट परत बसवलं नाही. आठाच्या सहा तोफा झाल्या. १९४८ ला आपण घेतली ती तशीच.

उत्तर २:
चिमणी दिसत नसेल तर टरेट बघा. म्हैसूर म्हणजे जुनी नायजेरिया. तिच्या टरेटात तीन-तीन नळ्या, दिल्लीच्या दोन-दोन. गोव्याच्या वेळी, १९६१ ला, म्हैसूर अंजदीवला होती, दिल्ली दीवला. आजोबा यातलं काही बोलले होते का?

प्रश्नकर्ता:
दीवचं कधी बोलले नाहीत. चिमणी एकच आहे, भिंग लावून पाहिली. पुढचं टरेट आजोबांच्या खांद्यामागे गेलंय, पण त्यावरच्या टरेटाच्या दोन नळ्या दिसतात. आजीला दाखवलं, तर म्हणते फोटो उलटा छापलाय.