स्वतः खणलेलं खनिज फुकट नसतं! (ईव्ह ऑनलाइन, एक्सेल आणि रिफ्टरचा भाव)

हिशेबनीस

परवा ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये आमच्या कॉर्पमधल्या (खेळाडूंच्या गटातल्या) एका नव्या भिडूनं जिताच्या बाजारात सात रिफ्टर (छोटी लढाऊ जहाजं) विकायला लावली, प्रत्येकी ४,६०,००० इस्कला (इस्क म्हणजे गेममधलं चलन). बाजारात भाव चालला होता साडेपाच लाख. तासाभरात कुणीतरी सातही उचलली आणि साडेपाचला परत लावली. "एवढं स्वस्त का रे?" विचारलं तर उत्तर आलं, "खनिज मीच खणलंय, मला काय खर्च आलाय? जे मिळालं तो सगळा फायदाच."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय.

ज्यांना ईव्ह माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा २००३ पासून चालू असलेला अंतराळातला ऑनलाइन गेम. यातली बहुतेक जहाजं खेळाडूच बनवतात, खेळाडूच विकतात आणि खेळाडूच उडवतात. सगळ्यात मोठा बाजार जिता नावाच्या तारा-प्रणालीत. लोक याला 'अंतराळातलं एक्सेल' म्हणून चिडवतात. कंपनीनंही ते इतकं मनावर घेतलं की २०२२ च्या फॅनफेस्टमध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर एक्सेलची जोडणी जाहीर केली. जहाजाची नाही, एक्सेलची घोषणा, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

आता रिफ्टर घ्या. कोऱ्या ब्लूप्रिंटवर (म्हणजे जहाज बनवायच्या आराखड्यावर) एका रिफ्टरला चार खनिजं लागतात: ३२,००० ट्रिटॅनियम, ६,००० पायेराइट, २,५०० मेक्सॅलॉन आणि ५०० आयसोजेन. ब्लूप्रिंटवर संशोधन करून १० टक्के बचत मिळवली की हेच होतं २८,८००, ५,४००, २,२५० आणि ४५०. हिशेबापुरते भाव अनुक्रमे ४, २०, ७० आणि ३०० धरले तर माल पडतो ५,१५,७०० चा. कोऱ्या ब्लूप्रिंटवर तोच ५,७३,००० चा. विकायचं साडेपाचला, त्यातून दलाली आणि विक्रीकर मिळून ६ टक्के गेले असं धरा, हातात ५,१७,०००. म्हणजे संशोधन केलेल्या ब्लूप्रिंटवरसुद्धा सुटले १,३०० इस्क, आणि कारखान्याचं शुल्क अजून द्यायचंय. उरलं काय? धुपाटणं.

चार कॉलमची शीट. दहा मिनिटांचं काम. ते न करता जो विकतो तो धंदा करत नाही, दानधर्म करतो. माझं मत.

चांद्रभटक्या

तो नवा भिडू मीच. :)

हिशेबनीसराव, तुम्ही दिवसभर ऑफिसात एक्सेल करता आणि घरी येऊन पुन्हा एक्सेल. मी दिवसभर ऑफिसात एक्सेल करतो म्हणून घरी येऊन खाणकाम करतो. लेझर लावायचा, चहा घ्यायचा, दगड फुटताना बघत बसायचं. दहा रिफ्टर बनवली, सात विकली, ३२ लाख आले. मला आनंद झाला. तो तुमच्या कोणत्या कॉलममध्ये बसतो?

नांगरधारी

मी हा गेम खेळत नाही, पोरगा खेळतो. पण वरचं "मीच खणलंय, खर्च काय आलाय" वाचून थांबलो. हे तर आमच्याकडचं रोजचं वाक्य आहे हो. "घरचंच शेणखत, घरचीच माणसं, शेत वडिलांचं, मग खर्च कसला?" आणि मग कापूस विकून हातात येतं ते सगळं उत्पन्न वाटतं.

हमीभावाचा अख्खा वाद यावरच तर आहे. ए२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्यांच्या मजुरीचा अंदाज धरला की ए२ अधिक एफएल. आणि सी२ मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज हेही धरायचं. सरकार दीडपट देतं ते ए२ अधिक एफएलवर, शेतकरी संघटना मागतात सी२ वर. चांद्रभटक्या भाऊ, तुम्ही तर ए२ सुद्धा धरला नाही. पोराला हे वाचायला देतोय, माझं तर ऐकत नाही.

हिशेबनीस

नांगरधारी, +१००. मला दोन तास लिहून जमलं नसतं ते तुम्ही दोन ओळीत सांगितलंत.

मावशी_जिताकर

थांबा थांबा. हिशेबनीस, तुमचं तत्त्व बरोबर आहे पण शीट चुकलीय.

तुम्ही म्हणता खनिज फुकट नाही, कारण ते विकता आलं असतं. मान्य. पण खनिज विकायला लावलं असतं तर त्यावरही दलाली आणि कर लागलाच असता ना? ५,१५,७०० मधून तेच ६ टक्के काढा, राहतात ४,८४,७५८. खाणकाम करणाऱ्याला खनिजाची खरी किंमत ही. त्याच्या हातात रिफ्टर विकून ५,१७,००० येतात, म्हणजे एका रिफ्टरमागे ३२,२४२ जास्त. कारखान्याचं शुल्क वजा करूनही बरं चाललंय की! थेट खरेदीच्या ऑर्डरला (कुणी 'या भावाला घेतो' म्हणून आधीच लावून ठेवलेल्या मागणीला) विकलं तर दलाली लागत नाही, फक्त कर, पण भावच कमी मिळतो. तेव्हा खनिज त्याच्या लेखी याहूनही स्वस्त.

तुमची शीट बाजारातून खनिज विकत घेणाऱ्याची आहे. ती खणणाऱ्याच्या गळ्यात बांधून वर त्यालाच दानशूर म्हणताय.

(चांद्रभटक्या, फार खूश होऊ नकोस. ४,६०,००० ला विकलंस म्हणजे ६ टक्के जाऊन ४,३२,४०० हातात. नुसतं खनिज विकलं असतंस तरी ५२ हजार जास्त मिळाले असते, प्रत्येकी.)

हिशेबनीस

मावशी, पकडलंत. मी स्वतः खणत नाही, सगळं खरेदीच्या ऑर्डरवर घेतो, त्यामुळे ते कधी डोक्यातच आलं नाही. दुरुस्त करतो. पण शीट होती म्हणूनच चूक सापडली, एवढं म्हणू द्या!

शून्यउड्डाण

मला शीटचा वेगळाच राग आहे. शीट सांगते खर्च, लोक तो समजतात भाव. भाव खर्चातून येत नाही. जितात साडेपाच लाखांचं रिफ्टर नवख्यांच्या एखाद्या आडबाजूच्या स्टेशनवर सात-आठ लाखांना जातं, कारण ज्याचं जहाज आत्ताच फुटलंय त्याला जितापर्यंत जायचं नसतं. माझा सगळा धंदा यावर चालतो, माझ्याकडे एकही शीट नाही. कुठे लढाई चाललीय तेवढं बघतो.

आणि वाहतूक? २०२० मध्ये वाटेवरची नियार्जा ही प्रणाली हातची गेली आणि जिता ते अमार (दुसरा मोठा बाजार) सुरक्षित वाट ९ उड्यांवरून ४५ वर गेली (उडी म्हणजे एका प्रणालीतून पुढच्या प्रणालीत जाणं). ज्यांच्या शीटमध्ये वाहतुकीचा जुना आकडा होता ते कितीतरी दिवस हिरवे सेल बघत तोट्यात माल नेत होते. शीटला कुणी सांगितलंच नव्हतं.

हिशेबनीस

ते शीटचं नाही, माणसाचं चुकलं. असं तर माझंही झालंय. दोन महिने माझा मेक्सॅलॉनचा सेल एका जुन्या टॅबकडे बोट दाखवत होता. बाकी सगळे भाव आपोआप ताजे व्हायचे, हा एकटा गोठलेला. मी चाळीस क्रूझर बनवली आणि मग कळलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "खऱ्या पैशाचं आहे का?" नाही म्हटलं तर टीव्ही बघायला गेली.

मावशी_जिताकर

शून्यउड्डाण, तुम्हीही शीट ठेवता, फक्त डोक्यात. "कुठे लढाई चाललीय", "आडबाजूला किती जास्त मिळतील" हे कॉलमच आहेत.

रच्याकने, नव्यांना जुना काळ माहीत नसेल. मार्च २०२० च्या आधी ०.०१ इस्कनं भाव खाली आणून पहिल्या नंबरवर बसता यायचं. दिवसभर लोक तेच करायचे, त्याला ना खर्च माहीत लागायचा ना भाव. नंतर भावात पहिले चार अंकच चालतील असा नियम आला. आता ५,५०,००० च्या खाली जायचं तर किमान १०० सोडावे लागतात. तेव्हापासून आपला तळ किती हे माहीत असलेलं बरं. माझी शीट एवढंच करते: या आकड्याच्या खाली गेलं की तो बाजार सोडायचा. कितीला विकायचं ते ती सांगत नाही, मी विचारतही नाही.

शून्यउड्डाण

हे पटलं. तळासाठी शीट, बाकी नाक.

चांद्रभटक्या

मला अजून पटलेलं नाही. पण ५२ हजार गुणिले सात म्हणजे साडेतीन लाखांच्या वर, हे मात्र काल रात्री कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि जरा झोप उडाली.

मावशी, तुमची शीट मिळेल का? नुसती बघायला.

उरलेली तीन रिफ्टर रेन्सला नेऊन ठेवलीत. सात लाख वीस हजार लावलेत. दोन दिवस झाले, अजून एकही गेलं नाही.

शून्यउड्डाण

रेन्स आडबाजूला नाही रे बाबा, तो गेममधल्या मिनमाटर लोकांचा मोठा बाजार आहे!