'दिमाखदार' : कौतुक की टोमणा?

मुद्राराक्षस :
एका स्मरणिकेची मुद्रितं तपासतेय. 4 पानांत 'दिमाखदार', 'दिमाखात' मिळून 6 वेळा. उद्घाटन दिमाखदार, सत्कार दिमाखदार, समारोपही दिमाखदारच. कहर म्हणजे हे वाक्य : 'कार्यक्रम अत्यंत साधेपणाने पण दिमाखात पार पडला.' मी 'पण दिमाखात'वर काट मारली, तर लेखकमहाशयांचा फोन. म्हणे, तुम्ही कार्यक्रमाची शानच घालवलीत!

अहो, दिमाख म्हणजे तोरा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मेंदू; हिंदीतला 'दिमाग' तोच. मराठीत आला तो डोक्यात गेलेल्या हवेचं नाव होऊन. 'कसला एवढा दिमाख दाखवतोस?' असं कुणी विचारलं तर आपण आभार मानतो का?

खोडरबर :
शब्दाच्या जन्मदाखल्यावर अर्थ ठरत नाही हो. 'साजरा' घ्या. 'दुरून डोंगर साजरे' म्हणताना साजरा म्हणजे देखणा. आज आपण वाढदिवस साजरा करतो, तेव्हा देखणेपणा कुणाच्या मनात असतो? 'दिमाखदार सोहळा' वाचून 'गर्विष्ठ सोहळा' असा अर्थ कुणीही घेत नाही. मग अडलं कुठे?

मुद्राराक्षस :
'साजरा'चं नाव काढलंत ते बरं झालं. याच स्मरणिकेत पुण्यतिथीही 'साजरी' झालीय. पुण्यतिथी पाळतात! ढिलाई एकदा शिरली की ती अशी पसरते.

साधीसुती :
मला तर ते काटलेलं वाक्यच आवडलं. दिमाखाला पैसा लागतो असं कुणी सांगितलं? कोंबडा काय रोषणाई करून फिरतो? तरी दिमाखात चालतो. जुनेरं नेसलेली बाईही दिमाखात चालू शकते. दिमाख चालण्यात, मानेत असतो. खर्चाचं बोलायचं तर थाटमाट आहे. थाट हौसेचा, बडेजाव दुसऱ्याला दाखवायचा, आणि भपका? उग्र वासाचाही भपकाच येतो, यातच सगळं आलं. 'भपकेबाज सोहळा' असं कुठल्या आयोजकाने स्वतःच्या वृत्तान्तात लिहिलेलं पाहिलंय? तिथे टोमणा अजून जिवंत आहे. 'दिमाखा'तला कधीच बोथट झाला.

खोडरबर :
कोंबडा पटला.

तिरकस :
बोथट झालेला नाही, फक्त कोण बोलतंय ते बघा. आपला तो दिमाख, शेजाऱ्याचा तो भपका. 'दिमाखात मिरवली' आणि 'दिमाख मिरवते' यांत फरक केवढा! पहिलीचं कौतुक, दुसरीची चहाडी. एवढं 'त'ने साधतं.

मुद्राराक्षस :
हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाईचा आणि कोंबड्याचा दिमाख मान्य. पण सोहळ्याला मान नसते, चाल नसते. तो दिमाखदार कसा? 6 पैकी 5 मी काढतेच आहे. ते साधेपणावालं वाक्य तेवढं आहे तसं ठेवते. लेखकमहाशयांना मात्र कळवत नाही, नाहीतर दिमाख वाढायचा.

खोडरबर :
आणि पुण्यतिथी?

मुद्राराक्षस :
ती पाळली.