माद्रिद ते लिस्बन विमान २० मिनिटांत?? काय भानगड आहे ही

शाहूपुरी_३री_गल्ली
नमस्कार मंडळी. लेक माद्रिदला शिकायला आहे, मे मध्ये आम्ही दोघं तिच्याकडं जाणार आणि तिथनं दोन दिवस लिस्बन करून यायचं म्हणतोय. तिकिटं बघत बसलोय तर जाताना सकाळी ७ ला सुटून ७.२० ला पोचतंय आणि येताना संध्याकाळी ६ ला सुटून ८.२० ला! आमचे हे म्हणतात वेबसाइट गंडलीय, राजारामपुरीतला एजंट म्हणतो बुक करा हो काही होत नाही. अंतर किती आणि खरा वेळ किती लागतो? रेल्वे बरी पडंल का?

तांबडा_पांढरा
ताई वेबसाइट बरोबर आहे. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागं. दोन्हीकडनं १ तास २० मिनिटंच, त्यातपण हवेत तासभर, बाकी विमान गेटपासनं धावपट्टीपर्यंत सरकत बसतंय त्यात जातो, माद्रिदचं विमानतळ लय अवाढव्य आहे. हवेतनं ५०० किमीच्या थोडं वर, रस्त्यानं सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे आपलं कोल्हापूर-बेंगळुरू धरा की.

पंचगंगा_घाट
ह्यात खरी गंमत स्पेनची आहे. नकाशा बघा, माद्रिद लंडनच्या पण पश्चिमेला आहे तरी घड्याळ लंडनच्या एक तास पुढं, जर्मनी-फ्रान्सबरोबर. १९४० ला तिथल्या हुकूमशहा फ्रँकोच्या काळात काटे पुढं केले ते परत मागं घेतलेच नाहीत. म्हणून जूनमध्ये तिथं रात्री पावणेदहाला सूर्य मावळतो आणि लोक दहाला जेवायला बसतात, आपली ८ ची सवय असेल तर हॉटेलचं किचन उघडलेलं नसतं. पोर्तुगालनं पण १९९२ ला तीच वेळ घेऊन बघितली होती, १९९६ ला गपगुमान परत फिरले.

शाहूपुरी_३री_गल्ली
अस्सं होय! ह्यांना दाखवलं, आता म्हणतात मला माहीतच होतं 😄 मग मे मध्ये तिकडं उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढं असतं म्हणतात, त्यानं काय फरक पडतो का? आणि व्हिसा स्पेनचा काढलाय, सिंगल एन्ट्री.

तांबडा_पांढरा
नाही पडत, दोन्ही देश एकाच दिवशी काटे फिरवतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळं बारा महिने एक तासाचाच फरक. व्हिसा पण चालतोय, दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, विमानात बसताना ओळखपत्र मागू शकतात.

हुपरी_एक्सप्रेस
रेल्वेचा नाद सोडा वहिनी. रात्रीची थेट गाडी होती, मार्च २०२० ला करोनात बंद झाली ती झालीच. आता बदलत बदलत जायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो. दोन राजधान्या शेजारी आणि मधे धड गाडी नाही, कमालच आहे. बस आहेत पण सात-आठ तास तरी धरा, तरण्या पोरांनी करावं ते.
विमानानंच जावा. लिस्बनचं विमानतळ गावाला अगदी चिकटून आहे, मेट्रो आतपर्यंत येते. माद्रिदला पण मेट्रो आहे पण सकाळी सहाला सुरू होते, तुमचं विमान ७ चं, म्हणजे टॅक्सी करायला लागणार. त्यापेक्षा दहा-अकराचं विमान बघा आणि तिकीट स्वस्त दिसलं तर बॅग धरून आहे का ते आधी वाचा.

शाहूपुरी_३री_गल्ली
११ वाजताचं मिळालं, ११.२० ला लिस्बन 😄 बॅगेचं लेकीला विचारून सांगतो.