लागोपाठ सामने: थकवा खरा की नुसती ओरड?

बारावा_गडी: दर तिसऱ्या दिवशी सामना, खेळाडूंचे हाल, हे रडगाणं आता दर हंगामात ऐकू येतं. पण आठवड्यात एक सामना असो की दोन, फुटबॉलपटू मैदानात जेवढा धावायचा तेवढाच धावतो, हे २०१० च्या एका अभ्यासात दिसलंय. मग थकवा गेला कुठे? त्यात २०२० पासून तीनाऐवजी पाच बदली खेळाडू उतरवता येतात.

दमसास: अहो, अर्धाच अभ्यास सांगितलात! त्यातच दुखापतींचेही आकडे आहेत. आठवड्याला एक सामना असताना खेळाच्या १००० तासांमागे ४.१ दुखापती, दोन असताना २५.६. धावलेलं अंतर बघून थकवा कळतच नाही. सामन्यात स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, उतरतं, ते पुरतं भरायला दोन-तीन दिवस जातात. वेगात धावून गचकन थांबताना स्नायूंचे तंतू दुखावतात, तेही तोवर सावरत नाहीत. खेळाडू धावतो हो, पण मांडीचा मागचा स्नायू कधी दगा देईल याचा नेम नसतो.

बारावा_गडी: अभ्यास एकाच संघाचा होता, हेही सांगा की. आणि प्रशिक्षक तेच अकरा जण पुन्हा पुन्हा उतरवत असेल तर वेळापत्रकाला कशाला दोष? बेंच असतो कशाला?

बेसलाइन: टेनिसमध्ये बेंच कुठून आणणार? विंबल्डन २०१०, इस्नर विरुद्ध माहू. तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं, पाचवा सेट ७०-६८. जिंकलेल्या इस्नरच्या ११३ एस, म्हणजे समोरच्याला रॅकेटही लावता न आलेल्या सर्व्हिस. दुसऱ्याच दिवशी पुढची फेरी, आणि तिथे ०-६, ३-६, २-६ असा सरळ पराभव. त्या सामन्यात एस किती? एकही नाही. सर्व्हिसवर जगणारा माणूस तो! सर्व्हिसची ताकद पायांतून येते, आणि पायच उरले नव्हते.

बारावा_गडी: टोकाचं उदाहरण आहे हे. आता तिथे शेवटच्या सेटमध्येही ६-६ वर टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा छोटा गेम, होतो. प्रश्न मिटला.

दमसास: म्हणजे शरीराला मर्यादा असते म्हणून नियम बदलावा लागतो, हे पटलं तर! मग दोन सामन्यांमध्ये किमान ७२ तास हवेत, या नियमाला हरकत का?

बारावा_गडी: हरकत नाही. फक्त त्यासाठी कुठली स्पर्धा बंद करायची ते सांगा. आपल्या आवडत्या संघाची सोडून.