लहान मुलांना घेऊन लंडनमधला एक दिवस : तुमचे अनुभव लिहा

एक कडेवर आणि एक बोटाला धरून लंडन पाहिलेल्यांनी इथे लिहावं, म्हणून हा धागा काढते आहे. सहलवाल्यांच्या यादीत दिवसाला सात-आठ ठिकाणं असतात. पाच वर्षांच्या मुलाचा दिवस त्यात बसत नाही. तुम्ही कुठे गेलात, काय खाल्लंत, पोरं कुठे रमली, कुठे कंटाळली, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे लेक पहाटे चारलाच टक्क जागी. साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दारात आम्ही दहाच्या आधीच हजर. प्रवेश फुकट आहे. मोठ्या दालनात शिरलं की वर बघायचं : निळ्या देवमाशाचा 25.2 मीटर लांबीचा सांगाडा, जबडा उघडून खाली सूर मारताना. 1891 मध्ये हा मासा आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला होता. या दालनात तो 2017 पासून आहे. "आई, ह्याचे दात कुठेत?" तिथल्या एका काकूंनी गुडघ्यावर बसून तिला सांगितलं, ह्याला दात नसतातच, पाणी तोंडात घ्यायचं आणि झालरीतून गाळून सोडून द्यायचं, चहाच्या गाळण्यासारखं. मग बाहेर हिरवळीवर बाटली संपेपर्यंत दातांतून पाणी गाळण्याचा खेळ चालला. डायनासोरच्या रांगेत आम्ही उभेच राहिलो नाही आणि मला त्याची जराही हळहळ नाही.

*

आम्ही इथेच राहतो. भारतातून कुणी पोरांसकट आलं की मी त्यांना ग्रिनिचला नेतो. डीएलआर या तिथल्या लोकल रेल्वेच्या गाडीला पुढे चालकाची केबिन नसते, त्यामुळे पुढची काच मुलांची. बँक स्टेशनपासून बसलात तर ती जागा मिळण्याची शक्यता जास्त. आयलंड गार्डन्सला उतरा आणि थेम्सच्या खालून चालत पलीकडे जा. 1902 चा बोगदा आहे, पांढऱ्या फरश्यांचा, सुमारे 370 मीटर लांब. गोदीत कामाला जाणाऱ्यांसाठी बांधलेला. आवाज मस्त घुमतो. भाचा मध्येच थांबला, छताकडे बघत म्हणाला, "मामा, आत्ता आपल्या डोक्यावरून बोट गेली असेल?" त्यानंतर पलीकडे पोचेपर्यंत त्याची मान वरच होती. बाबागाडी असेल तर लिफ्ट चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर गोल जिन्याच्या शंभरेक पायऱ्या आहेत.

बाहेर आलात की समोरच कटी सार्क, चीनहून चहा आणणारं जुनं जहाज. तिथून बागेतला चढ चढून एकच्या आत वेधशाळेपाशी पोचा. मनोऱ्यावरचा लाल चेंडू बारा पंचावन्नला अर्धा चढतो, बारा अठ्ठावन्नला टोकाला जातो आणि ठोक एकला खाली येतो. 1833 मध्ये नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून ही सोय केली. तिथे जमलेली सगळी पोरं, कुठल्या कुठल्या देशांची, एका सुरात उलटे आकडे मोजत होती. हे बघायला तिकीट लागत नाही.

*

मी नाशिकची आजी. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या गर्दीत नातवाला लोकांच्या पाठीच दिसल्या असत्या, म्हणून सूनबाईने आम्हाला हॉर्स गार्ड्सला नेलं. तिथे घोडेस्वारांचा पहारा रोज अकराला बदलतो, रविवारी दहाला. घोडे अगदी जवळून दिसतात. ते चावू शकतात, लाथ मारू शकतात अशी पाटी लावलेली आहे, तेव्हा मुलाचा हात सोडू नका. मग शेजारच्या सेंट जेम्स पार्कात चादर अंथरून दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत. पहिली जोडी 1664 च्या सुमारास रशियाच्या राजदूताने राजाला भेट दिली होती. रात्री आजोबांनी फोनवर विचारलं, काय पाहिलंस रे? तर "मोठ्या चोचीचं बदक!"

*

अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, मोठ्यांसोबत असतील तर ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेही. पण ट्यूबच्या बऱ्याच स्टेशनांवर जिनेच आहेत, बाबागाडीवाल्यांनी बस धरावी. बसमध्ये व्हीलचेअर आली तर बाबागाडी मिटून जागा द्यायची.

*

आमच्या मुली सात आणि चार वर्षांच्या. चॉक फार्म स्टेशनवरून चालत 10, किंग हेन्रीज रोडला गेलो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब 1921-22 मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये हे घर विकत घेऊन तिथे स्मारक केलं. मोठीने बाहेरच्या पाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर जुळवलं आणि नाव लागल्यावर ओरडलीच, "बाबा, हे तर आपल्या घरातल्या फोटोतले!" शाळेत त्यांना वेगळं बसावं लागायचं, हे तिला ठाऊक आहे. म्हणाली, "इथेपण वेगळं बसवायचे?" मी सांगितलं, इथे ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सगळ्यांबरोबर बसून वाचायचे. "मग बरं," म्हणाली आणि धाकटीला घेऊन आत पळाली. मला मात्र पायरीवर थोडा वेळ थांबावं लागलं.

तिथून प्रिमरोज हिल जवळच आहे. माथ्यावरून अख्खं शहर दिसतं आणि उतारावर मुलांना मनसोक्त गडगडता येतं. झू टेकडीच्या पायथ्याशीच आहे, पण तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. स्मारक उघडं असण्याच्या वेळा मात्र निघण्याआधी बघून घ्या.